गेमिंग पीसी की कन्सोल? आधी घरात काय आहे ते मोजा

ताईच्या धाकट्याला यंदा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि घरात दुसरा विषयच उरला नाही. त्याला गेमिंग पीसी हवा. भाऊजींचं म्हणणं, "एवढा मोठा टीव्ही घेतलाय, त्याला सोनीचा पीएस ५ कन्सोल जोड आणि मोकळा हो." शेवटी दोघांनाही घेऊन मी सिल्व्हर मॉल गाठला. दोन-तीन दुकानं फिरून झाल्यावर हातात पीसीच्या भागांच्या भावांची, पेनाने लिहिलेली एक चिठ्ठी आली. असाच निर्णय घेणारी आणखी बरीच घरं इंदूरमध्ये असतील, म्हणून ती चिठ्ठी इथे उलगडतो.

रायझन ५ ५६०० प्रोसेसर साडेअकरा हजार, मदरबोर्ड साडेआठ, १६ जीबी रॅम साडेनऊ, १ टीबी एसएसडी (साठवणीचा भाग) आठ, आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र काढणारा भाग) तीस, ६५० वॉटचा एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा भाग) पाच, कॅबिनेट चार. बेरीज ७६,५००. हा झाला नुसता डबा. मॉनिटर अकरा, कीबोर्ड-माउस-हेडफोन मिळून चार, यूपीएस पाच, म्हणजे ९६,५००. विंडोजचं लायसन्स यात नाही. हे आमच्या दिवसाचे भाव, तुमच्या दिवशी वेगळे असतील. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा साठा उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले, एसएसडीही महागली. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओतली "पन्नास हजारांत गेमिंग पीसी" ही यादी घेऊन दुकानात जाऊ नका.

कन्सोलचा हिशोब सरळ दिसतो. पीएस ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० ला होता, पुढे तो ५४,९९० झाला. पूर्वी कन्सोल जुना होत गेला की स्वस्त व्हायचा. या पिढीत उलटं झालं, तेव्हा "थांबू, उतरेल" या आशेवर बसू नका. दुसरा कंट्रोलर साधारण सहा हजार. ऑनलाइन खेळायचं तर पीएस प्लस या सोनीच्या वर्गणीचे वर्षाला अंदाजे चार हजार, म्हणजे तीन वर्षांचे बारा. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना हे शुल्क लागत नाही, आणि पीसीवर ऑनलाइन खेळायला ते मुळातच नाही.

खरा पैसा गेममध्ये जातो. सोनीच्या नव्या मोठ्या गेमची डिस्क ४,९९९ ला येते. वर्षाला तीन धरल्या तर तीन वर्षांत ४५ हजार. पण डिस्क विकता येते. संपवलेला गेम अर्ध्या किमतीत गेला तरी साडेबावीस हजार परत येतात. म्हणूनच डिस्क न लागणारं डिजिटल मॉडेल दहा हजारांनी स्वस्त दिसलं तरी मी ते घेऊ देत नाही: चार डिस्क विकल्या की तो फरक भरून निघतो आणि पाचव्यापासून तुमचा फायदा. पीसीवर गेम विकता येत नाही, पण स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये जुना गेम पाव किमतीतही मिळून जातो आणि एपिकच्या स्टोअरवर २०१८ च्या डिसेंबरपासून फुकट गेम मिळत आले आहेत. धीर धरणाऱ्याचे नऊ गेम अठरा हजारांत होतात.

आता बेरजा. डिस्क विकून आलेले पैसे वजा करून कन्सोल तीन वर्षांत ९५-९६ हजार, पीसी १ लाख १४ हजारांच्या आसपास. भाऊजी जिंकले असं वाटलं. तेवढ्यात भाच्याने विचारलं, "मामा, आणि कॉलेजचं ड्रॉइंग मी कशावर करू?"

सगळा निर्णय याच प्रश्नावर फिरतो. त्याला अभ्यासाला कॉम्प्युटर लागणारच आहे. ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा कॉम्प्युटर घेतला तरी मॉनिटरसकट चाळीस-पंचेचाळीस हजार जातातच. म्हणजे त्याच्यासाठी तुलना "कन्सोल की पीसी" अशी नव्हतीच. ती "कन्सोल अधिक साधा कॉम्प्युटर की एक चांगला पीसी" अशी होती, आणि त्यात पीसी वीस-पंचवीस हजारांनी स्वस्त पडतो. घरात आधीपासून चालता लॅपटॉप असेल, तर हाच हिशोब कन्सोलकडे झुकतो.

खेळताना काय फरक दिसतो? पीएस ५ मध्ये आठ कोअरचा झेन २ प्रोसेसर, १०.२८ टेराफ्लॉपचा (हे ताकदीचं माप) ग्राफिक्स भाग आणि १६ जीबी मेमरी आहे, जी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघं वाटून घेतात. चिठ्ठीतलं कार्ड ताकदीत याच्या पुढे आहे, पण त्याची स्वतःची मेमरी ८ जीबीच, आणि जड गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) वरच्या सेटिंगवर नेलं की ती भरते. कन्सोलच्या खोक्यावर फोर-के लिहिलेलं असतं, तरी बहुतेक जड गेम आतून कमी रिझोल्युशनवर चित्र काढून ते मोठं करतात. पीसीवर डीएलएसएस हे कार्डातलं तंत्र तेच काम करतं. सोफ्यावरून, आठ फुटांवरच्या टीव्हीवर हा फरक मला दिसत नाही.

एक फरक मात्र स्पष्ट जाणवतो. कन्सोलचं हार्डवेअर सगळीकडे सारखं, त्यामुळे शेडर (चित्रातला प्रकाश-रंग ठरवणारे छोटे प्रोग्राम) आधीच तयार करून गेमसोबत येतात. पीसीवर प्रत्येकाचं कार्ड वेगळं, म्हणून ते तुमच्या मशीनवर तयार होतात, आणि काही गेम नव्या जागेत शिरताना अडखळतात. ज्याला सेटिंग चाळत बसायचं नाही, त्याने याला महत्त्व द्यावं. उलट काउंटर-स्ट्राइक २ हा नेमबाजीचा गेम खेळणाऱ्याला पर्यायच नाही, तो कन्सोलवर नाहीच. आणि १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या मॉनिटरवर माउसने नेम धरणं ही वेगळीच गोष्ट आहे.

गेमची यादी आधी लिहून काढा असं मी म्हणतो ते याचसाठी. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ ला आला, पीसीवर एप्रिल २०१५ ला. जीटीए ६ ची १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाली तीही पीएस ५ आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज कन्सोलसाठीच. पीएस ५ वरच्या स्पायडर-मॅन २ ला पीसीवर यायला सव्वा वर्ष लागलं. एक्सबॉक्सबद्दल फार लिहीत नाही, कारण मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे गेम पीसीवर त्याच दिवशी येतात. पीसी घेणाऱ्याला तो वेगळा घ्यायचं कारण उरत नाही.

वीजबिलाची काळजी ताईला होती. पीएस ५ खेळताना साधारण २०० वॉट ओढतो. रोज दोन तास धरले तर महिन्याला १२ युनिट. पीसी मॉनिटरसकट ३०० वॉट धरा, १८ युनिट. सहा युनिटांवरून निर्णय फिरवू नका.

त्यापेक्षा माळव्यातली धूळ आणि उन्हाळा बघा. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना मी माझं कॅबिनेट उघडलं, तर पुढच्या जाळीवर पिंजलेल्या कापसासारखा थर होता, बोटाने सोलून निघेल असा. ब्लोअर मारला आणि कार्डाचं तापमान त्याच संध्याकाळी ११ अंशांनी उतरलं. पीसी असा घरी साफ करता येतो. कन्सोलला टीव्हीच्या बंद कपाटात कोंबतात, आणि तिथेच तो गुदमरतो. उघड्यावर ठेवा, चारही बाजूंनी हवा लागू द्या.

आणि एसएमपीएसमध्ये पैसे वाचवू नका. माझ्या पहिल्या पीसीत मी दोन हजार वाचवायला बिनब्रँडचा बसवला होता. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी लाइट गेली, आली, आणि खोलीभर जळका वास पसरला. मदरबोर्डही त्याच्याबरोबर गेला. तेव्हापासून मी कार्ड एक पायरी खालचं घेईन, पण हा भाग चांगलाच घेतो.

भाच्याचा पीसी ठरला, मॉनिटर तूर्त नाही. दिवाळीपर्यंत तो एचडीएमआयने त्याच टीव्हीला जोडेल, म्हणजे अकरा हजार आत्ता वाचले. बिल करताना मी प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर लिहून घेतला आणि खोकी माळ्यावर ठेवायला सांगितली, कारण वॉरंटी प्रत्येक भागाची वेगळी असते आणि तीन वर्षांनी दुकानदाराला आपला चेहरा आठवत नसतो.