जुन्या बुलेटचा पुढचा फोर्क: दुरुस्ती, डिस्कवाला, उलटा की लांब?

कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट घेतली की पहिले काही महिने इंजिनाच्या नादात जातात. मग एखाद्या पावसाळ्यात सायनजवळच्या खड्ड्यात पुढचं चाक आपटतं, कळ मनगटातून कोपरापर्यंत जाते आणि ‘शॉकअप बदलू या’ सुरू होतं, म्हणजे पुढचं चाक धरून दणके झेलणारा दोन पायांचा फोर्क. गॅरेजवाला केटीएम ड्यूकच्या उलट्या फोर्कचा फोटो दाखवतो, कॉलेजातला भाचा लांब फोर्कवाल्या चॉपरचा. पैसे मोजण्याआधी एक करा. फोर्कमधलं ऑइल काढून बघा. गढूळ राखाडी पाणी निघालं, तर बिघाड फोर्कच्या जातीत नाही, तुमच्या आळसात आहे. मीही त्यातलाच, माझं ऑइल बाहेर आलं तेव्हा मिस्त्रीने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मूळ फोर्क दुरुस्त करणं हा सगळ्यात कंटाळवाणा पर्याय, आणि दहातल्या सात जणांना मी तोच सांगेन. मुंबईत खरा शत्रू खारी हवा. फोर्कच्या पाइपच्या क्रोमवर टिपके पडतात, ते टिपके सीलची कड खातात, आणि नुसतं सील बदलून दिलं की दिवाळीच्या आत पुन्हा गळती. म्हणून पाइप काढल्यावर जाड काचेवर लोळवून बघा. डगमगला तर वाकलाय. सरळ पण टिपक्यांचा असेल तर हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग, नाहीतर नवा पाइप. स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी करून उंची ताडून घ्या. बुश, सील, फोर्कच्या दोन्ही पायांत मापून सारखं ऑइल, आणि वर रबरी बूट, म्हणजे चिखल सीलपर्यंत जात नाही. एवढं झालं की निम्म्या लोकांची तक्रारच संपते.

यात कॅस्केटही वाचतं. १९५४ पासून बुलेटच्या डोक्यावर असलेलं, हेडलाइटच्या बाजूला दोन टायगर लॅम्प म्हणजे छोटे दिवे असलेलं हे ओतीव घर म्हणजे नुसता दिव्याचा डबा नव्हे. फोर्कची वरची टोकं तेच धरून ठेवतं. दुसऱ्या गाडीचा फोर्क तिच्या टीसकट, म्हणजे दोन्ही पाय धरणाऱ्या पट्ट्यांसकट, आणला की कॅस्केट जातं, आणि हेडलाइट, स्पीडोमीटर, अँपिअर मीटर सगळ्यांना नवी जागा शोधावी लागते. कोटेशन देताना हे कुणी बोलत नाही.

शिवाय गाडीच्या पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील तर थांबाच. २०२१च्या नियमांनी अशा गाड्यांना विंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची नोंदणी मिळू शकते, पण गाडी मूळ रूपात हवी. फी २०,००० रुपये. अर्थात विंटेज नोंदणीची गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

तुमचं दुखणं दणक्यांचं नसून ब्रेकचं असेल, तर गोष्ट वेगळी. वांद्र्याला सिग्नलवर रिक्षा आडवी आली की जुना ड्रम ब्रेक विचार करून थांबतो. अशा वेळी त्याच घराण्यातला, डिस्कवाल्या इलेक्ट्राचा फोर्क मला पटतो. गाडीचा चेहरा फारसा बदलत नाही. कुर्ल्यात जुना घेत असाल तर पाइपचा व्यास आणि वरचे आटे स्वतः मोजा. ‘साब, फिट होईल’ याला माप म्हणत नाहीत.

ड्यूकचा उलटा फोर्क वाईट नाही, उलट फारच ताठ आणि नेमका आहे. जाड ४३ मिमीचा, आणि उलटा म्हणजे त्याचा सगळ्यात जाड भाग वर टीमध्ये धरलेला. पण १९ इंची चाकाच्या जागी १७ इंची आलं की पुढचा भाग नुसत्या चाकापोटी इंचभर खाली बसतो, ट्रेल (स्टिअरिंगच्या दांड्याची रेष जमिनीला जिथे भिडते तिथून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) घटतो आणि हँडल वेगात चुळबुळतं. स्टेम, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा, लेथवर बनवून टीमध्ये प्रेस करावा लागतो, कोनसेट म्हणजे त्याचे बेअरिंग जुळवावे लागतात. त्या कामात कसर राहिली तर काय होईल, हे ईस्टर्न फ्रीवेवर कळू नये. सील गेलं तर ऑइल खाली ओघळून थेट ब्रेक पॅडवर. आधीच कापाकापी झालेली, कॅस्केट हरवलेली गाडी असेल तरच हा खर्च शोभतो.

लांब फोर्कचा हिशेब कागदावर करा. बुलेटचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर, सुमारे १३७० मिमी. पुढचा भाग एक इंच उचलला की रेक, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा मागे कललेला कोन, जवळपास १ अंशाने वाढतो, ट्रेल साधारण ७ मिमीने. चार इंचांना चौपट. हायवेवर गाडी रुळावर असल्यासारखी वाटेल, पण दादरच्या गर्दीत चालण्याच्या वेगाने वळताना हँडल स्वतःच आत कोसळेल. पाइपच्या डोक्यावर आट्यांचा तुकडा चढवून लांबी वाढवतात, तो प्रकार तर मी फुकटही घेणार नाही. लांबलेल्या पाइपवर प्रत्येक खड्ड्याचा वाकवणारा जोर वाढतो आणि जोड नेमका तिथेच.

त्यात व्हीलबेस वाढतो, आणि तो आरसीच्या नोंदीत असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा फरकाला मनाई करतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

काहीही बदललंत तरी जुने पाइप, कॅस्केट आणि ड्रमचं चाक भंगारवाल्याला देऊ नका. गोणपाटात गुंडाळा, ग्रीस लावा, माळ्यावर टाका. गाडी विकायला काढाल तेव्हा जाणता गिऱ्हाईक इंजिनाआधी तेच मागतो.