गोळीबार चौकातलं जुनं सावजी आणि वाढप्यांच्या मनगटावरचा पेजर

नागपूरच्या झणझणीत सावजी जेवणाची खरी परीक्षा भाकरीत असते. तर्री कितीही जबर असो, ज्वारीची भाकर गार होऊन चिवट झाली की अर्धी मजा गेली. गोळीबार चौकाजवळच्या गल्लीतल्या या जुन्या भोजनालयात गेली काही वर्षं नेमकं तिथेच घोडं अडत होतं. आता अडत नाही, आणि त्याचं श्रेय वाढप्यांच्या मनगटावर आलेल्या पेजरला आहे.

हा सगळा भाग हलबा कोष्टी विणकरांचा. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे गिरणीच्या कापडापुढे हातमाग मागे पडत गेले आणि विणकरांच्या घरच्या चुलींवर खानावळी उभ्या राहिल्या. हे भोजनालयही असंच घरातून निघालेलं. जिथे माग होता तिथे आता भटारखाना आहे आणि जेवायला बसायचं ते माडीवर, खड्या लाकडी जिन्याने चढून.

तो जिनाच सगळ्या दुखण्याचं मूळ होता. ऑर्डर सांगायला वाढपी खाली, झाली का बघायला पुन्हा खाली, झाली नसेल तर रिकाम्या हाताने वर. तेवढ्या वेळात माडीवर पाणी मागायलाही कुणी नाही. खालून आचारी ओरडायचे, "पाच नंबर, दोन मटण, चार भाकर!" रविवारच्या गलक्यात ते वर पोचायचंच नाही. भाकर ओट्यावर पडून राहायची, रश्श्यावर तेलाची साय धरायची.

आता ओट्याशेजारी भिंतीवर आकड्यांची बटणं असलेला एक छोटा डबा आहे. तिखटाचे हात लागतात म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवली आहे. मी मुद्दाम खाली उभी राहून बघितलं. आचारीकाकांनी वाट्या भरल्या, पण बटण दाबलं नाही. शेवटची भाकर तव्यावरून काढून जाळावर धरली, ती टम्म फुगली, आणि तेव्हा कुठे त्यांनी ५ दाबला. वर वाढप्याच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं, त्यावर ५ उमटला. तो जिना उतरून येईपर्यंत भाकर ताटात पडली होती. वाफ निघतच होती! एवढं साधं आहे, पण भाकरीची वेळ आचाऱ्याच्या हातात देणं ही यातली खरी हुशारी आहे.

पेजर म्हटलं की आमच्या वयाच्या लोकांना १९९५ च्या आसपासचे, कमरेला लावायचे पेजर आठवतात. मोबाइल स्वस्त झाले आणि ते गेले. त्यांना कंपनीचं नेटवर्क लागायचं, दरमहा भाडं असायचं. या यंत्रणेला सिमही लागत नाही आणि इंटरनेटही नाही. ती ४३३ मेगाहर्ट्झच्या साध्या रेडिओ लहरींवर चालते, आणि अशा जुन्या जाड भिंतींतून त्या लहरी वायफायपेक्षा बऱ्या पार होतात. माडीचा मागचा कोपरा तेवढा सुरुवातीला सुटायचा. तिथे बसलं की वाढप्याचं घड्याळ मुकंच राहायचं. आता जिन्याच्या वळणावर संदेश पुढे पाठवणारी एक डबी लावली आहे, त्यानंतर तक्रार नाही.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे टेबलांवर बटणं लावलेली नाहीत. विकणाऱ्याने तीही दाखवली होती म्हणे. मालकांना विचारलं तर म्हणाले, "आमच्या माणसाले घंटी वाजवून नाही बोलवायचं ताई." मला हे शंभर टक्के पटलं. आणि गरजही पडत नाही, कारण जिन्यावरचे हेलपाटे वाचल्यामुळे वाढपी माडीवरच असतात. पाण्याचा जग रिकामा व्हायच्या आत भरला जातो. तिथले सगळ्यात जुने वाढपी, ज्यांना सगळे काकाच म्हणतात, ते मनगट पुढे करून मला म्हणाले, "गुडघे वाचले न ताई माहे." जेवणापेक्षा त्या वाक्याने मी जास्त सुखावले.

उणीव आहे ती चार्जिंगची. गल्ल्याशेजारी घड्याळं चार्जिंगला लावायची फळी आहे, पण कुणी लावायला विसरलं की भर दुपारी घड्याळ बंद पडतं. एका रविवारी आमचं टेबल असंच राहून गेलं. भाकरी गार आल्या. मात्र आम्ही काही बोलायच्या आत वाढप्याने हात लावून बघितल्या आणि ताट परत नेऊन ताज्या आणल्या. दोन घड्याळं जादा घेऊन ठेवली तर हा प्रश्न सुटेल. मालकांनी हे मनावर घ्यावं.

चवीबद्दल फार लिहीत नाही, ती होती तशीच आहे. मसाला पाट्यावरच्यासारखा बारीक, काळसर, खाली उतरताना कान गरम करणारा. मटणाबरोबर खूर आणि सुंदरी (बकऱ्याची आतडी) मिळते, पण सुंदरी लवकर संपते. शाकाहारी मंडळींनी पाटोडी रस्सा घ्यावा. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की मुंबई-पुण्याकडची मंडळी संध्याकाळी इकडे वळतात, तेव्हा आठच्या आत पोचा. आणि भाकरी एकदम चार सांगू नका. एकेक मागवा, आता दुसरी यायला वेळ लागत नाही.