डाउनलोड पेंडिंग: कॅशे, डेटा, अकाउंट, एपीके की रिसेट?

प्ले स्टोअरवर ‘इन्स्टॉल’ दाबलं की गोल नुसता फिरत राहतो आणि खाली ‘डाउनलोड पेंडिंग’ दिसतं. कधी ४९५, ५०४ किंवा ९२७ असा एखादा एरर नंबर येतो. मग सल्ले सुरू होतात. शेजारी म्हणतो कॅशे क्लिअर कर, मोबाइलवाला म्हणतो रिसेट मारावं लागेल, भाचा व्हॉट्सॲपवर थेट एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइलच, पाठवून देतो. यातला प्रत्येक उपाय कधी ना कधी कुणाला तरी लागू पडलेला आहे, म्हणून तर तो सांगितला जातो. पण कुठल्या उपायात तुमचं काय जाऊ शकतं, हे सहसा कुणी सांगत नाही. माझं स्पष्ट मत असं की निवड त्यावरूनच करावी. ज्यात काहीच जात नाही ते आधी, ज्यात सगळंच जातं ते अगदी शेवटी.

काहीच न गमावता बघण्यासारख्या गोष्टी चार. प्ले स्टोअरमध्ये उजवीकडे वर प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून ‘मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस’ उघडा. तिथे दहा-पंधरा ॲप्सचे अपडेट्स रांगेत असतील तर तुमचं ॲप त्यांच्यामागे थांबलेलं असतं. ते अपडेट्स रद्द केले की तुमचा नंबर लागतो. मग प्ले स्टोअरच्याच सेटिंगमध्ये डाउनलोड ‘फक्त वायफायवर’ ठेवलंय का ते बघा. मोबाइल डेटावर असाल तर ते जन्मभर ‘पेंडिंग’च राहील. तिसरी गोष्ट तारीख आणि वेळ. बॅटरी संपून फोन बरेच दिवस बंद पडला होता आणि तारीख मागे गेली, तर सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र फोनला वैध वाटत नाही आणि जोडणीच होत नाही. ‘ऑटोमॅटिक डेट अँड टाइम’ चालू केलं की हे सुटतं.

चौथी गोष्ट जागा, आणि ३२ जीबीच्या फोनमध्ये बहुतेक वेळा दुखणं इथेच असतं. ॲप ८० एमबीचं दिसतं म्हणून १०० एमबी मोकळी जागा पुरेल असं नाही. आधी फाइल उतरते, मग ती उलगडून बसवली जाते, त्यामुळे दाखवलेल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त जागा लागते. स्टोरेजचा शेवटचा दहा टक्के भागच उरला की फोन तसाही कुरकुरायला लागतो. फोटो पुसायला जीव होत नसेल तर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ मधलं ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते तिथे उतरत्या क्रमाने दिसतं. सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओ तेवढे काढले तरी भरपूर जागा सुटते.

यातून सुटलं नाही तर खरी तुलना सुरू होते.

कॅशे की डेटा?

सेटिंग्ज, ॲप्स, गूगल प्ले स्टोअर, स्टोरेज या वाटेने गेलं की दोन बटणं शेजारी शेजारी दिसतात. एक ‘क्लिअर कॅशे’, दुसरं ‘क्लिअर स्टोरेज’ किंवा ‘क्लिअर डेटा’. शाओमी-रेडमीच्या बऱ्याच फोनवर खाली एकच ‘क्लिअर डेटा’ असतं आणि ते दाबल्यावर आत दोन पर्याय निघतात, त्यामुळे तिथे जरा थांबून वाचा. कॅशे म्हणजे तात्पुरत्या फाइली. त्या गेल्या तरी तुमचं काहीच जात नाही, म्हणून ते आधी. डेटा क्लिअर केलात तर प्ले स्टोअर अगदी नव्याने सुरू होतं. आधी घेतलेली ॲप्स किंवा खरेदी जात नाही, कारण ती अकाउंटला जोडलेली असते. ऑटो-अपडेटची आणि वायफायची निवड मात्र पुन्हा करावी लागते आणि मुलांसाठी पॅरेंटल कंट्रोल लावलं असेल तर ते परत तपासावं लागतं. म्हणजे प्ले स्टोअरपुरते हे दोन्ही उपाय स्वस्त आहेत.

धोका असतो तो दुसऱ्याच ॲपच्या पानावर जाऊन तेच बटण दाबण्यात. व्हॉट्सॲपचा डेटा क्लिअर झाला तर बॅकअपमध्ये नसलेल्या चॅट कायमच्या गेल्या. यूपीआय ॲपचा झाला तर सिमवरून एसएमएस पाठवून पुन्हा नोंदणी करत बसा. घरातल्या वडीलधाऱ्यांना फोनवरून ‘डेटा क्लिअर करा’ असं सांगत असाल तर आधी त्यांना पानावर सगळ्यात वर लिहिलेलं ॲपचं नाव मोठ्याने वाचायला सांगा. एखाद्या आजीच्या नातवंडांचे व्हॉइस मेसेज त्यात असतात, आणि ते परत कुठून आणणार?

अपडेट काढायचं की अकाउंट?

हे दोन्ही एक पायरी वरचे उपाय, आणि माझी निवड निःसंशय पहिल्याची. प्ले स्टोअरच्या त्याच ॲप-माहितीच्या पानावर तीन टिंबांत ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ असतं. त्याने प्ले स्टोअर फोनसोबत आलेल्या मूळ आवृत्तीवर जातं आणि थोड्या वेळाने स्वतःच नवीन होतं. स्टोअरचं स्वतःचं अपडेट अर्धवट अडकलं असेल तर हाच नेमका इलाज. जाण्यासारखं यात जवळजवळ काही नाही.

गूगल अकाउंट काढून पुन्हा जोडणं दिसायला तेवढंच सोपं, पण महाग. त्या अकाउंटवरचे कॉन्टॅक्ट आणि जीमेल फोनवरून निघून जातात. पुन्हा लॉगिन केलं की सिंक झालेलं सगळं परत येतं, न झालेलं येत नाही. पासवर्ड आठवत नसेल तर तिथेच गाडी अडते. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतरची दुसरी खात्री) चालू असेल तर खात्रीची सूचना कुठल्या फोनवर येते ते आधी बघा. ती याच फोनवर येत असेल आणि दुसरा मार्ग ठेवलेला नसेल, तर अकाउंट काढूच नका.

एपीके की फॅक्टरी रिसेट?

माझ्या मते हे दोन्ही टाळावेत, आणि त्यातही एपीके जास्त. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘आरटीओ चलान’ किंवा ‘लग्नपत्रिका’ नावाच्या एपीके फाइलींनी आपल्याकडे किती जणांची बँक खाती रिकामी केली आहेत, हे रोजच्या बातम्यांत येतं. अशा ॲपला एसएमएस वाचायची परवानगी दिली की ओटीपी परस्पर दुसऱ्याच्या हातात जातो. तसं काही घडलंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, तिथे मिनिटांना किंमत आहे. चांगल्या हेतूने पाठवलेली एपीकेसुद्धा अनेकदा चालत नाही. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवरच्या नव्या ॲप्सना बंडल पद्धत सक्तीची आहे. त्यात प्रत्येक फोनला त्याच्यापुरते तुकडे उतरतात, त्यामुळे भाच्याच्या फोनमधून काढलेली फाइल तुमच्या फोनवर बसेलच असं नाही. अपवाद एकच, कंपनी स्वतःच्या संकेतस्थळावर देते ती फाइल. व्हॉट्सॲप आणि सिग्नल अशी देतात.

रिसेटने फोन बहुतेक वेळा सुधारतो, त्यामुळे मोबाइलवाल्याचं खरं ठरल्यासारखं वाटतं. पण अनेकदा सुधारतो तो स्टोरेज मोकळं झाल्यामुळे, आणि त्यासाठी सगळा फोन पुसायची गरज नव्हती. रिसेटनंतर जुन्याच गूगल अकाउंटचा पासवर्ड मागितला जाऊ शकतो. अँड्रॉइड ५.१ पासून चोरीविरुद्ध ही सोय आहे. तो आठवत नसेल तर फोन हातात असून उपयोग नाही. फोटो, चॅट आणि ऑथेंटिकेटर ॲपमधले लॉगिनचे कोड या तिन्हींचा बॅकअप स्वतः बघितल्याशिवाय दुकानात फोन देऊ नका.

आयफोनवाल्यांपुढे पर्याय कमी, कारण तिथे ॲप स्टोअरचं कॅशे पुसायचं बटणच नाही. सेटिंग्जमधल्या ॲप स्टोअरमध्ये २०० एमबीवरच्या ॲप्ससाठी मोबाइल डेटावर विचारायचं की नाही ते बघा. फुकटचं ॲपसुद्धा ‘व्हेरिफिकेशन रिक्वायर्ड’ म्हणून अडत असेल तर जुनं एखादं पेमेंट थकलंय का किंवा कार्डाची मुदत संपली आहे का ते तपासा.

आणि स्क्रीनवर ‘हे ॲप तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही’ असं आलं असेल तर वरचं काहीच करू नका. तिथे बिघाड नाही. तुमची अँड्रॉइड आवृत्ती त्या ॲपला जुनी पडते आहे, किंवा ते ॲप तुमच्या फोनसाठी दिलेलंच नाही. ‘अबाउट फोन’मध्ये आवृत्ती बघा, सिस्टिम अपडेट आलं असेल तर ते घ्या, आणि नसेल तर तेच काम क्रोममधून संकेतस्थळावर होतंय का ते बघा. रेल्वेचं तिकीट, वीजबिल, बँकेचं स्टेटमेंट ही कामं तिथून होतात.