न उघडलेल्या इंजिनाचं बिल

कार्बोरेटरवाली जुनी बाइक असेल आणि कुणी "ॲव्हरेज वाढवून देतो" म्हणत असेल, तर गाडी त्याच्याकडे सोडण्याआधी हे वाचा.

माझी गाडी दीडशे सीसीची, २०१४ची. इंजिन कधी उघडलेलं नाही. नेहमीचे मिस्त्री गावी गेले होते, म्हणून साताऱ्यातल्याच दुसऱ्या एका गॅरेजात सर्व्हिसिंगला दिली. मालक बोलायला एकदम गोड. "साहेब, पंचेचाळीस देते ना? पंचावन्न करून देतो, त्याचे पैसे नकोत." ॲव्हरेज खरंच वाढलं, ते नाकारत नाही.

पण पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलं, की वरच्या गिअरला ॲक्सिलरेटर पिळताच इंजिनातून किणकिण ऐकू यायची, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी. ॲक्सिलरेटर सोडला की बंद. एक गिअर उतरवला तरी बंद. सपाट रस्त्यावर काहीच नाही. आधी पेट्रोलचा संशय आला, म्हणून पंप बदलून पाहिला. फरक पडला नाही.

परत त्याच गॅरेजात गेलो. त्यानं गाडी स्टँडवर चालू ठेवली, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ माझ्या कानाशी धरली. "ऐका, रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाजतोय. असंच चालवलंत तर घाटात इंजिन जाम होणार, आणि मागं ट्रक असतो." बायको सोबत होती, तिच्याकडे बघूनच बोलला. बोअर (पिस्टन ज्यात सरकतो ते सिलिंडरचं भोक कापून मोठं करणं), पिस्टन, रिंगा, रॉड किट, लेथचं काम, सगळं मिळून ९,८०० रुपये. एका कार्डाच्या मागं आकडे लिहून दिले, तेच बिल.

गाडी परत मिळाली तेव्हा इंजिन चकाचक धुतलेलं होतं. पिशवीत जुना पिस्टन आणि रिंगा. घाटातला आवाज खरोखर गेला होता. या फसवणुकीत हुशारी आहे ती इथेच: आवाज गेल्यावर गिऱ्हाईक तक्रार कशाला करेल?

भांडं फुटलं ते ऑइलमुळे. घरी सहज डिपस्टिक काढली, तर ऑइल काळंकुट्ट. रॉड बदलायचा तर इंजिनाचे दोन भाग वेगळे करावे लागतात, त्यासाठी ऑइल आधी काढावंच लागतं, आणि नव्या बोअरमध्ये जुनं ऑइल कुणी शहाणा माणूस ओतत नाही. शिवाय नवा पिस्टन बसवला की मेकॅनिक बजावतो, पहिले काही शे किलोमीटर गाडी पिळू नका. हा त्यातलं अवाक्षर बोलला नव्हता.

तोवर आमचे जुने मिस्त्री परतले होते. त्यांनी पिशवीतला पिस्टन उलटासुलटा केला आणि डोक्यावरचा ठसा दाखवला: ५०. म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा. एकदा तरी बोअर मारलेल्या इंजिनातूनच असा पिस्टन निघणार. माझ्या गाडीला तर कंपनीचाच बोअर होता. इंजिनाच्या हेडच्या (वरच्या झाकणाच्या) नटांवर कंपनीचे रंगाचे ठिपके जसेच्या तसे, कुठं पान्याचा ओरखडा नाही. ओरखडे होते ते कार्बोरेटरच्या स्क्रूंवर, तेही ताजे.

मग कोडं सुटलं. पहिल्या सर्व्हिसिंगला त्यानं कार्बोरेटरच्या नीडलची (पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या सुईची) क्लिप वरच्या खाचेत सरकवली होती. त्यामुळे सुई खाली बसते, पेट्रोल कमी जातं, ॲव्हरेज वाढतं. पण असं पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असलेलं, मिश्रण पेटलं की इंजिन जास्त तापतं. (आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलात ऑक्सिजन मुळातच असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरमध्ये मिश्रण आधीच किंचित पातळ पडतं. इथेनॉलनं ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची आपोआप न भडकण्याची ताकद, वाढतो हेही खरं, पण मिश्रण इतकं पातळ केल्यावर तो तरी किती पुरणार.) प्लगच्या ठिणगीनं पेटलेली ज्वाळा सिलिंडरभर पसरायच्या आतच कडेचं उरलेलं मिश्रण उष्णतेनं आणि दाबानं आपोआप भडकतं. त्या धक्क्याची किणकिण म्हणजे नॉकिंग. भार जास्त आणि गिअर वरचा असला की ते आधी होतं, म्हणून घाटात. दुसऱ्या खेपेला त्यानं क्लिप पुन्हा जागेवर आणली आणि इंजिन धुतलं. एवढ्याच कामाचे ९,८०० रुपये. आजार त्यानंच दिला होता, औषधही त्यानंच विकलं.

स्क्रूड्रायव्हरमधून मला जो आवाज ऐकवला, तो टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा होता. जुन्या एअर-कूल्ड इंजिनात एवढी टिकटिक असतेच. मिस्त्रींनी फरक समजावला. रॉड गेला असेल तर जड ठकठक येते, आणि तिला घाट लागत नाही, उभ्या गाडीला रेस दिली तरी ऐकू येते. टायमिंग चेन सैल असेल तर बहुधा सकाळी थंड इंजिनाला खळखळ होते. नॉकिंग मात्र उभ्या गाडीत दाखवताच येत नाही. म्हणून स्टँडवर गाडी लावून कुणी घाटातला आवाज "ऐकवत" असेल, तर त्याला गाडीवर मागं बसवून चढावर न्या.

नॉकिंग किरकोळ आहे असं मात्र कुणी समजू नये. दुर्लक्ष केलं तर पिस्टनवर रिंगा बसतात त्या खाचांच्या कडा तुटतात, पुढं पिस्टनच्या डोक्याला भोकही पडतं. त्याची भीती दाखवून पैसे काढता येतात ते म्हणूनच. पण आधी स्वस्तातलं तपासायचं: प्लग काढून बघा, पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा प्लग चुकीच्या हीट रेंजचा आहे (म्हणजे उष्णता हवी तितक्या लवकर बाहेर टाकत नाही). एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, बॉशचं नेमकं उलटं, त्यामुळे "त्याच आकड्याचा दुसरा" चालत नाही. मग पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन, ठिणगीचं टायमिंग. पेट्रोलचा संशय असेल तर पंपावर फिल्टर पेपर मागा, तो ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. चांगल्या पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून जातो. रॉकेलची भेसळ ऑक्टेन पाडते. आणि महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून बिघडवलेली नीडल दुरुस्त होत नाही, आवाज फक्त दबतो.

इंजिन उघडायचंच ठरलं, तर उघडताना समोर हजर राहा. निदान उघडलेल्या इंजिनाचा, गाडीची नंबरप्लेट दिसेल असा फोटो मागा. पार्टचं बिल दुकानाच्या शिक्क्यासह हवं.

मिस्त्रींना सोबत घेऊन मी पिस्टन त्या मालकासमोर ठेवला. आधी म्हणाला, "पोरानं चुकून दुसऱ्याचा टाकला." नटांवरच्या रंगाचा विषय निघाला तेव्हा गप्प झाला. पैसे यूपीआयनं दिले होते, त्याची नोंद फोनवर दाखवली आणि ग्राहक आयोगाचं नाव काढलं. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथं फी नाही, हे त्याला माहीत नसावं. पाच हजार तिथल्या तिथं परत केले, उरलेले पुढच्या महिन्यात देतो म्हणाला. तो महिना उलटून गेला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ला, तक्रार नोंदवली आहे.