उक्तं काम की हिश्श्याचं? कॉर्नवॉलच्या खाणीतली निवड

1840 च्या आसपास इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या तांब्या-कथिलाच्या खाणींत जमिनीखाली उतरणाऱ्या पुरुषांपुढे कमाईचे दोन मुख्य मार्ग होते.

‘टटवर्क’ म्हणजे आपल्याकडचं उक्तं काम. उभी विहीर खोल न्या, बोगदा पुढे खणा आणि दर फॅदममागे (6 फूट) ठरलेले पैसे घ्या. धातू निघो न निघो, मजुराला फरक नाही. खडक वाटला त्याहून टणक निघाला, तर मात्र बोली अंगाशी यायची.

‘ट्रिब्यूट’ हा खरा जुगार. ठरल्या दिवशी खाणीचा कॅप्टन (म्हणजे खाणीवरचा मुकादम) खणायची एकेक जागा पुकारायचा आणि जी टोळी कमीत कमी मागेल तिला ती मिळायची. मागायचं काय, तर निघालेल्या मालाच्या किमतीत पौंडामागे (20 शिलिंगांमागे) किती शिलिंग आमचे! धातूची शीर कसदार दिसली की दर पडायचा, हलकी दिसली की चढायचा. हलक्या म्हणून घेतलेल्या जागेत अचानक घबाड लागलं, तर टोळीची चांदी. नाहीतर महिनोन्‌महिने उचल घेऊन घर चालवायचं, आणि ती पुढच्या हिशेबात कापली जायची. काही बिलंदर तर दोन टोळ्यांचा माल गुपचूप अदलाबदल करून, कमी दराच्या जागेतला माल चढ्या दराच्या जागेतला म्हणून दाखवून, चढा दर लाटत.

मेणबत्त्या आणि सुरुंगाची दारू यांचा खर्च दोन्हीकडे मजुराच्याच माथी.

रुबाब ट्रिब्यूटवाल्यांचा जास्त, कारण त्यांना खडक वाचता यावा लागे. पण पदरात चार पोरं असती, तर मी उक्तंच धरलं असतं. वर उघड्यावर हातोड्यानं धातुक (धातू असलेला दगड) फोडणाऱ्या बायका-मुलींना बहुतेक रोजंदारीच. त्यांना कोण विचारतो!