सूडो-आरएस आणि रस्टमधले कोअरयुटिल्स: काही महिने वापरल्यानंतर

उबंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची २५.१० आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली, तेव्हा त्यातले दोन जुने, अगदी पायातले भाग बदललेले होते. साध्या वापरकर्त्याला प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवू देणारा सूडो हा प्रोग्राम सी भाषेतला; त्याच्या जागी रस्ट या, मेमरीच्या चुका टाळणाऱ्या भाषेत नव्याने लिहिलेलं सूडो-आरएस आलं. आणि एलएस (फाइलींची यादी), सीपी (कॉपी), सॉर्ट (क्रम लावणं), डेट (तारीख-वेळ) अशा शंभराच्या आसपास रोजच्या कमांड ज्यातून येतात, त्या जीएनयू कोअरयुटिल्सची जागा यूयूटिल्स या रस्टमधल्याच संचाने घेतली. माझ्या कामाच्या मशिनवर आणि चाचणीसाठी ठेवलेल्या सर्व्हरवर दोन्ही तेव्हापासून चालू आहेत. मूळ कमांडकडे परत जायची सोय असूनही मुद्दाम गेलो नाही, कारण असे बदल आठवडाभरात कळत नाहीत. महिन्यातून एकदा चालणारी एखादी स्क्रिप्ट असते, तिची पाळी येईपर्यंत काहीच कळत नाही.

माझं मत असं झालं आहे: सूडो-आरएस मी आज महत्त्वाच्या सर्व्हरवरही लावीन. कोअरयुटिल्ससाठी अजून थांबेन. दोन्ही एकाच आवृत्तीत आले, एकाच भाषेत लिहिलेले, हेतूही एकच. तरी मत इतकं वेगळं का, ते सविस्तर सांगतो.

सूडोचा जन्म १९८० च्या सुमाराचा. टॉड मिलर हे गृहस्थ तीस वर्षांहून अधिक काळ ते सांभाळत आले आहेत आणि त्यांच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण या प्रोग्रामची जागाच अवघड आहे. मशिनवरचा कुठलाही साधा वापरकर्ता तो सुरू करू शकतो, आणि सुरू होताच तो रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालतो. म्हणजे परवानगी आहे की नाही हे तपासायच्या आधीच आतला कोड सर्वाधिकार हातात घेऊन बसलेला असतो. अशा ठिकाणी मेमरीची एक चूक झाली की सगळंच गेलं. जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी 'बॅरन समेडिट' नावाने जी त्रुटी उघड केली, ती नेमकी अशी होती. कमांडच्या शेवटी आलेली उलटी तिरकी रेघ वाचताना प्रोग्राम ठरलेल्या जागेच्या पलीकडे लिहीत जायचा, आणि कोणाला काय चालवता येईल ते ठरवणाऱ्या सूडोर्स फाइलमध्ये नाव नसलेला माणूसही त्यातून रूट होऊ शकायचा. ही चूक जुलै २०११ पासून तिथे होती. साडेनऊ वर्षं, इतक्या लोकांच्या नजरेखाली. सुरक्षित रस्ट असली चूक होऊच देत नाही. मर्यादेबाहेर लिहायला गेलं की प्रोग्राम तिथल्या तिथे थांबतो. पुनर्लेखनाची बाजू मला पटली ती इथे.

पण हे वापरताना आणि त्याची कागदपत्रं वाचताना जास्त लक्षात राहिली ती दुसरी गोष्ट. सूडो-आरएस सुरक्षित वाटतं ते जितकं रस्टमुळे, तितकंच त्यात जे घेतलेलं नाही त्यामुळे. जून २०२५ च्या शेवटी मूळ सूडोत आणखी एक गंभीर त्रुटी जाहीर झाली, तिचा सार्वजनिक नोंद क्रमांक सीव्हीई-२०२५-३२४६३. सूडोला 'आर' ऑप्शन देऊन वेगळी मूळ डिरेक्टरी सांगता यायची. हल्लेखोराने आपणच तयार केलेली डिरेक्टरी दिली की तिच्यातली कॉन्फिगरेशन फाइल वाचून सूडो त्याचीच लायब्ररी रूट म्हणून लोड करायचं. यात मेमरीची चूक कुठेच नाही. विचारातली चूक आहे, आणि हाच क्रम रस्टमध्ये लिहिला असता तरी भोक तसंच राहिलं असतं. सूडो-आरएस वाचलं, कारण तो ऑप्शन त्यांनी घेतलाच नव्हता.

हाच विचार पुढेही दिसतो. प्लगइन (बाहेरून जोडायचे भाग) नाहीत, एलडॅपमधून (संस्थेच्या मध्यवर्ती वापरकर्ता-यादीतून) सूडोचे नियम वाचणं नाही, चुकीच्या प्रयत्नाची ईमेल पाठवणं नाही. बाहेरच्या लायब्ररींवरचं अवलंबन एका टप्प्यावर १३५ पर्यंत गेलं होतं, ते टीमने खरवडून ३ वर आणलं. असं काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण जो प्रोग्राम रूट म्हणून चालतो, त्यात अनोळखी लोकांचा कोड किती आहे हे मी पहिल्यांदा बघतो, आणि या आकड्याने माझा विश्वास जिंकला.

न घेतलेल्या गोष्टींपैकी एक मात्र सर्वांना कधी ना कधी अडवेल. सूडोर्स फाइलमध्ये कमांडच्या आर्ग्युमेंटमध्ये (कमांडपुढे लिहिलेल्या माहितीत) 'काहीही चालेल' अशा अर्थाचं तारांकन घालून नियम लिहायची सवय अनेकांना आहे. म्हणजे लॉगच्या फोल्डरमधली कुठलीही फाइल वाचायला परवानगी, अशा धर्तीचा नियम. २५.१० मधल्या सूडो-आरएसमध्ये हे चालत नाही. पहिल्यांदा ही अडचण वाटते. पण मूळ सूडोत आर्ग्युमेंटमधलं तारांकन तिरकी रेघ आणि रिकामी जागा दोन्ही गिळतं. त्यामुळे लॉगच्या फोल्डरपासून सुरू करून दोन-दोन टिंबांनी वर चढत पासवर्डच्या फाइलपर्यंत जाता येतं, किंवा जागा सोडून दुसऱ्याच फाइलचं नाव जोडता येतं. लिहिणाऱ्याला वाटतं आपण एक खिडकी उघडली, प्रत्यक्षात दार सताड उघडं असतं. हे नियम काढून एकेका कामासाठी छोटी, रूटच्या मालकीची स्क्रिप्ट लिहिणं हाच बरा मार्ग. जे सूडो-आरएसकडे कधीच जाणार नाहीत त्यांनीही आपल्या सूडोर्स फाइलमध्ये असे नियम आजच शोधावेत.

रोजच्या वापरात जाणवणारे फरक थोडे आहेत. पासवर्ड विचारणारी ओळ बदलली आहे. मूळ सूडो त्या ओळीत वापरकर्त्याचं नाव घ्यायचं, नवं तसं करत नाही. माणसाला याने काही फरक पडत नाही. पण ती ओळ जशीच्या तशी येईल म्हणून वाट बघत बसणारी स्क्रिप्ट तिथेच अडकून राहते. दुसरं म्हणजे सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (चालू सत्रातली सेटिंग) बरोबर न्यायचा 'ई' ऑप्शन. तो दिला की इशारा येतो आणि ऑप्शन दुर्लक्षिला जातो. कित्येक सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशनच्या सूचनांमध्ये हा ऑप्शन सर्रास असतो; प्रॉक्सीच्या मागे काम करणाऱ्यांना तो विशेष लागतो. ज्या व्हेरिएबलची खरोखर गरज आहे तेवढेच सूडोर्समध्ये नावाने नोंदवले की काम भागतं.

नव्या कोडच्या नव्या चुकाही आल्याच. नोव्हेंबर २०२५ मध्ये सूडो-आरएसच्या दोन त्रुटी जाहीर झाल्या. एकीत, पासवर्ड अर्धवट टाइप करून एंटर न दाबता वेळ संपू दिली, तर टाइप केलेली अक्षरं टर्मिनलवर उघडी दिसायची. दुसरी, कोणाच्या पासवर्डने ओळख पटली याची नोंद काही खास सेटिंगमध्ये चुकीच्या नावावर होण्याची. दोन्ही सूडो-आरएसच्या ०.२.१० आवृत्तीत दुरुस्त झाल्या. यावरून कुणी 'बघा, रस्टचा काय उपयोग' म्हटलं तर मला ते मान्य नाही. साध्या वापरकर्त्याला थेट रूट करणारी चूक आणि ही चूक यांत फार मोठं अंतर आहे. मात्र नवं आहे म्हणून अपडेटकडे काणाडोळा करायची मुभा मिळत नाही, एवढं खरं.

आता कोअरयुटिल्स. इथे गाळायला जागाच नाही. सूडोचा एखादा दुर्मीळ ऑप्शन काढला तर काही मोजक्या संस्थांची गैरसोय होते. पण एलएस, डेट, सॉर्ट यांचा प्रत्येक ऑप्शन कुठल्या ना कुठल्या स्क्रिप्टमध्ये रुतलेला आहे, आणि ती लिहिणारा माणूस कदाचित नोकरी सोडून गेलेला आहे. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं वागणं हा त्यातला एक भाग. न लिहिलेलं वागणंही तितकंच बंधनकारक असतं: ओळींचा क्रम, एरर कुठल्या शब्दांत येते, अपयश आल्यावर कुठला कोड परत मिळतो.

याचा सगळ्यात बोलका दाखला ऑक्टोबर २०२५ मध्येच मिळाला. डेट कमांडला 'आर' ऑप्शन आणि फाइलचं नाव दिलं की त्या फाइलमध्ये शेवटचा बदल कधी झाला ते छापलं जातं. २५.१० बरोबर आलेल्या आवृत्तीत हा ऑप्शन स्वीकारला जायचा, पण त्याचं काहीच व्हायचं नाही. छापली जायची आत्ताची वेळ. परिणामी काही मशिनवर अपडेट आपोआप तपासणं बंद पडलं. हाताने अपडेट केलं तर होत होतं, म्हणून पटकन लक्षातही येत नव्हतं. दुरुस्ती लवकर आली. पण या प्रकारची चूक मला सर्वांत जास्त खुपते. ऑप्शन ओळखीचा नाही म्हणून कमांड थांबली असती तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं असतं. इथे उत्तर आलं, नीट दिसणारं, शून्य एरर कोडसह, आणि चुकीचं. अर्धवट लिहिलेला ऑप्शन सरळ नाकारावा हा नियम पुनर्लेखन करणाऱ्या प्रत्येक टीमने पहिल्या दिवसापासून पाळायला हवा, मग भाषा कुठलीही असो.

दुसरी अडचण आपल्या लिपीपाशी येते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं गेलं. २५.१० मधली सॉर्ट लोकेलप्रमाणे, म्हणजे मशिनवर निवडलेल्या भाषेच्या नियमांप्रमाणे, क्रम लावत नाही; युनिकोडने प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकाप्रमाणे लावते. इंग्रजीत याचा अर्थ मोठ्या लिपीतली अक्षरं आधी, एवढाच. देवनागरीत परिणाम जास्त विचित्र आहे. युनिकोडमध्ये 'ॲ' या अक्षराला पुष्कळ नंतर जागा मिळाली, अगदी देवनागरी अंकांच्याही पुढची. त्यामुळे मराठी नावांची यादी लावली की ॲड, ॲप, ॲसिड हे शब्द 'अ'जवळ न येता 'ह'च्याही खाली, यादीच्या तळाशी जाऊन बसतात. 'ळ'ही 'ह'नंतर न येता 'ल' आणि 'व'च्या मध्ये येतो. शब्दसूची, मतदारयादी, ग्रंथालयाची नोंद अशी कामं सॉर्टवर करणाऱ्यांनी हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. लोकेलचं काम राहिलं आहे हे उबंटूच्या लोकांनी आधीपासून मान्य केलं होतं आणि प्रकल्पात ते चालूही आहे, पण डिफॉल्ट म्हणून देण्याआधी ते पूर्ण व्हायला हवं होतं असं मला ठामपणे वाटतं.

चांगलंही आहे. सीपी आणि (फाइल हलवणाऱ्या) एमव्हीला 'जी' ऑप्शन दिला की प्रगती दाखवणारी पट्टी येते, आणि मोठ्या फाइल हलवताना ती मला आता हवीच असते. (जीएनयूमध्ये ती नाही, म्हणून स्क्रिप्टमध्ये वापरू नका.) वेगाचा फरक हाताला जाणवत नाही. शिवाय या प्रकल्पाची एक सवय मला मनापासून आवडते: ते आपला कोड जीएनयूच्याच टेस्ट संचावर रोज तपासतात आणि किती टेस्ट पास, किती नापास हे उघड मांडतात. सहाशेहून अधिक टेस्ट आहेत आणि पास होणाऱ्यांचा आकडा वर चढत चालला आहे. उरलेल्या टेस्ट हेच माझं थांबण्याचं कारण.

एक प्रश्न परवान्याचाही आहे. जीएनयूचा संच जीपीएलखाली (बदललेला कोड वाटला तर तोही खुला ठेवावा लागतो), यूयूटिल्स एमआयटीखाली (अशी अट नाही). ज्या परवान्यामुळे सुधारणा समाजाकडे परत येत राहिल्या, तो इतक्या मुळाशी असलेल्या भागातून जातो आहे याची मला खंत आहे. तांत्रिक गुणांशी याचा संबंध नाही, पण मत देताना ते लपवणं बरोबर नाही.

आणि फायद्याचं म्हणाल तर एलएस किंवा सॉर्ट सहसा आपल्याच अधिकारात चालतात. त्यांत मेमरीची चूक असली तरी सूडोसारखा आकांत होत नाही. रस्ट जिथे सर्वांत जास्त देतं ती जागा सूडोची. इथे फायदा कमी आणि मोडण्यासारख्या जागा शेकडो.

तुम्ही २५.१० वर असाल तर परतीची वाट माहीत असू द्या. मूळ सूडो 'सूडो डॉट डब्ल्यूएस' नावाने हजर आहे आणि अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज ही कमांड वापरून एका ओळीत तेच मुख्य करता येतं. जुन्या कमांडही 'जीएनयू' हे नाव पुढे लावून मिळतात, जीएनयूडेट, जीएनयूसॉर्ट वगैरे. मी माझ्या रात्रीच्या स्क्रिप्टसाठी हीच सोय वापरतो: तोच इनपुट दोन्हींना देतो, आउटपुट डिफ या फरक दाखवणाऱ्या कमांडने ताडून बघतो, आणि फरक दिसला की छोट्यात छोटं उदाहरण तयार करून प्रकल्पाकडे नोंदवतो. नोंदवताना आवृत्तीचा क्रमांक आणि लोकेलची सेटिंग जरूर लिहा, विशेषतः मजकूर देवनागरी असेल तर. बहुतेकांची मशिन इंग्रजी लोकेलवर असतात, त्यांना आपला फरक आपोआप दिसणार नाही.