शब्द शोधायचं ॲप: तेरा महिने, दोनदा ८९९ रुपये आणि सोळावं अक्षर

महिन्याभरापूर्वी एका सकाळी बँकेचा मेसेज आला, ८९९ रुपये गेले. कशाचे? तर गेल्या वर्षी घेतलेल्या इंग्रजी शब्द शोधायच्या ॲपचे, आपोआप रिन्यू झालं म्हणून. बँकेत नोकरी करून रिटायर झालेल्या माणसाला हे व्हावं! रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याआधी २४ तास सूचना द्यावी लागते. ती आली होती. मीच न वाचता सरकवली. भांडायलाही जागा नाही, म्हणून इथे लिहितोय.

फुकटात काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहेच: तीन अक्षरं टाका, ती असलेले शब्द लांबीप्रमाणे बघा. पैसे भरले की हवी तेवढी अक्षरं टाकता येतात, नको ती गाळता येतात, आणि अक्षरं कुठेही, सलग की याच क्रमानं, हे ठरवता येतं. मला चौथं अक्षर हवं होतं आणि त्याला कारण आमचा नंबरप्लेटचा खेळ. कल्याण-शीळ रस्त्यावर अडकलो की मी आणि बायको समोरच्या गाडीची अक्षरं घेऊन सगळ्यात लांब शब्द शोधतो. महाराष्ट्राची गाडी म्हणजे एम आणि एच आलेच, वर मालिकेची दोन. चार झाली. (मालिकेत आय आणि ओ नसतात, एक आणि शून्याशी घोळ होतो म्हणून. ही माहितीही मला याच खेळात बायकोकडून मिळाली. ती इंग्रजीची शिक्षिका होती.)

पहिले तीन महिने मी खूश होतो. विशेषतः गाळायची सोय. क्यू हवा पण यू नको असं टाकलं तर यादीत कव्वाली, फकीर आणि तलाक! आपलेच शब्द इंग्रजी कोशात बसलेले बघून त्या संध्याकाळी मी ॲपला पाच तारे दिले होते.

मग एके दिवशी समोर एमएच ०५ बीएल. मी म्हटलं एस्टॅब्लिशमेंट्स, १४ अक्षरं. बायकोनं शांतपणे अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम सांगितला. २८! चर्चचा सरकारी दर्जा काढून घ्यायला इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात विरोध झाला, त्या भूमिकेचं हे नाव. ॲपमध्ये बघितलं तर नाही. तिला म्हटलं, नाही धरणार. पण खटकलं, कारण यादीत १५ अक्षरांच्या पुढे काहीच नव्हतं. घरी येऊन तपासायला बसलो. रिस्पॉन्सिबिलिटी आहे, १४ अक्षरं. रिस्पॉन्सिबिलिटीज नाही, कारण १६ होतात. म्हणजे या ॲपच्या जगात माणसाला जबाबदारी एकच असू शकते! ॲक्नॉलेजमेंट्सचं अमेरिकन स्पेलिंग १५ अक्षरांचं, ते सापडतं. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये एक ई जास्त, ते गायब. दीडशे वर्षं राज्य केलं त्यांनी आपल्यावर, आणि एका ई-साठी बाहेर?

सपोर्टला मेल केला. चार दिवसांनी उत्तर आलं: आमची यादी स्क्रॅबलची, म्हणजे सोंगट्यांवरची अक्षरं बोर्डावर लावून शब्द जुळवायच्या खेळाची आहे, बोर्ड १५ बाय १५ घरांचा, त्यापेक्षा लांब शब्द मावत नाही. कारण पटलं, खोटं कशाला बोलू. पण मग पिझ्झाझ कसा दाखवता? त्यात झेड चार. स्क्रॅबलच्या १०० सोंगट्यांत झेड एक आणि कुठलंही अक्षर धरता येईल अशा कोऱ्या दोन. जमवून जमवून तीन होतात, तो शब्द कुणालाच लावता येणार नाही. बोर्डाचा नियम पाळायचा तर पूर्ण पाळा, नाहीतर माझी १६ अक्षरं द्या. यावर उत्तर: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मी आणखी तीन मेल केले. तेच वाक्य तीनदा. तारे पाचाचे एक.

दिवाळीत पुतण्या आला. म्हणाला, काका, पैसे कशाला भरता, माझ्या ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरमध्ये शब्दांची फाईल आधीपासून असते, एका ओळीच्या कमांडनं शोधता येतं. सव्वादोन लाखांवर शब्द, १९३४ च्या वेबस्टर कोशावरून घेतलेले, फुकट. मला स्वतःचा भयंकर राग आला. त्यानं शोधून दाखवलं तर २४ अक्षरांपर्यंतचे शब्द धडाधड. म्हटलं, आता रिस्पॉन्सिबिलिटीज टाक. नाही! त्या फाईलमध्ये अनेकवचनं जवळजवळ नाहीतच. बायकोचा शब्दही नाही, कारण फाईलचा सगळ्यात लांब शब्दच २४ चा. तो ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात आहे, मेरियम-वेबस्टरवाले मात्र आपल्या कोशात घेत नाहीत. म्हणजे पैशाच्या यादीत अनेकवचनं आहेत, लांबी नाही. फुकटच्या यादीत लांबी आहे, अनेकवचनं नाहीत. आणि बायकोला दोन्हींची गरज नाही.

तेव्हा एक तारा जरा जास्तच झाला असं वाटून मी तीन केले. एकही अक्षर दुबार न येणारा शब्द शोधताना अनकॉपीराइटेबल सापडला तो याच ॲपमध्ये, आणि तो नेमका १५ चा. पंधरानंतरचं दार बंद असलं तरी उंबऱ्यापर्यंत माल चांगला आहे.

घ्यावं का? स्क्रॅबल खेळत असाल तर घ्या, पण महिन्याच्या हिशेबानं घ्या. नंबरप्लेट खेळत असाल तर अजिबात नको. मी ऑटोपे बंद केलंय. भरलेले ८९९ वसूल होईपर्यंत, म्हणजे अजून अकरा महिने, रोज उघडणार. बायकोचे २८ गुण मान्य करायचे की नाही, यावर घरात अजून बोलणी चालू आहेत.